मर्मर नाही म्हणजे हृदय ठीक आहे, असं नसतं

काल रात्री एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या बहिणीला आठ दिवसांपूर्वी मुलगा झालाय, बाळाला डाऊन सिंड्रोम आहे असं डॉक्टर म्हणालेत, क्रोमोसोमचा रिपोर्ट यायचाय अजून पण त्यांना जवळपास खात्री आहे. घरात सगळे हादरलेत. ती मला सांगत होती की अगं पण त्यातल्या त्यात एक बरं आहे, हृदय चांगलंय, डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून नीट तपासलं, मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर येणारा जास्तीचा आवाज, वगैरे काही नाहीये. मी विचारलं, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली का? तर म्हणे नाही, मर्मरच नाही तर घाई कशाला, दोन-तीन महिन्यांनी बघू म्हणालेत.

फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं तिला, पण नंतर मला झोप लागेना. कारण हे वाक्य मी सहा वर्षांपूर्वी जसंच्या तसं ऐकलंय आणि ऐकून मला इतकं हायसं वाटलं होतं की त्या दिवसात रडू न येता झोपले ती तेवढी एकच रात्र. म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय, त्या बहिणीसाठी आणि अशा सगळ्याच आयाबापांसाठी.

माझी लेक जन्मली तेव्हा पावणेतीन किलोची, रंग छान, रडणं खणखणीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना तिचे डोळे, तळहातावरची एकच आडवी रेघ आणि अंगाचा ढिलेपणा बघून शंका आली, मग रक्त पाठवलं. त्याच तपासणीत छातीला स्टेथोस्कोप लावून 'हार्ट क्लिअर आहे' म्हणाले. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं मशीन पायाला लावलं, ९५ आला, तोही चालेल म्हणाले. डिस्चार्ज कार्डवर 'सीव्हीएस नॉर्मल', म्हणजे हृदय आणि रक्ताभिसरण ठीक, असं लिहिलेलं होतं, मी ते कार्ड कितीतरी वेळा काढून वाचलंय. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफीही नॉर्मल होती, त्यामुळे हृदयाचा विषय आमच्यापुरता संपला होता.

अकराव्या दिवशी काविळीसाठी दाखवायला गेलो तर नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर, त्यांच्या जागी एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी फाईल चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, इको कुठाय? मी म्हटलं मॅडम, मर्मर नाहीये तिला. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाळा, मर्मरचा इथे काही संबंध नाही. डाऊन आहे ना, मग इको. उद्याच." दुसऱ्या दिवशी इको झाला आणि कम्प्लीट एव्हीएसडी नावाचा हृदयाचा मोठा दोष निघाला. त्या बाईंना मी त्यानंतर दोनदाच भेटले असेन, पण त्यांची आठवण आली नाही असा महिना जात नाही.

आधी आकडे सांगते, कारण मला ते कुणी सांगितले नव्हते. कुठल्याही बाळाला जन्मतः हृदयाचा दोष असण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांमध्ये हेच प्रमाण शंभरात ४० ते ५०, म्हणजे जवळपास निम्मी बाळं. हे कळल्यावर 'ऐकू येतंय का बघू आणि मग ठरवू' याला अर्थ उरत नाही ना? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या गाईडलाइनमध्ये तर स्पष्ट आहे की डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक नवजात बाळाचा इको करायचा आणि तो लहान मुलांच्या कार्डिओलॉजिस्टने वाचायचा, मग पोटात असताना फीटल इको झालेला असो नसो, नॉर्मल आलेला असो नसो.

आता एव्हीएसडी म्हणजे काय ते, मला आमच्या कार्डिओलॉजिस्टनी कागदावर चित्र काढून समजावलं तसंच सांगते. हृदयाचे चार कप्पे, वर दोन, खाली दोन. मधे उभा पडदा, आणि वरच्या-खालच्या कप्प्यांच्या मधे दोन दरवाजे, म्हणजे दोन व्हॉल्व्ह. हे सगळं जिथे एकत्र येतं तो मधला चौक गर्भात एका मऊ उशीसारख्या पेशींपासून तयार होतो, त्याला एंडोकार्डियल कुशन म्हणतात. काही बाळांमध्ये तो चौक भरूनच येत नाही. मग वरच्या पडद्यात भोक, खालच्या पडद्यात भोक, आणि दोन वेगळ्या व्हॉल्व्हऐवजी मधे एकच मोठा सामाईक व्हॉल्व्ह. हा दोष डाऊनशी इतका जोडलेला आहे की कम्प्लीट एव्हीएसडी असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना डाऊन सिंड्रोम असतो. बाकी नुसत्या खालच्या पडद्यातलं भोक म्हणजे व्हीएसडी, वरच्या पडद्यातलं एएसडी, जन्मानंतर बंद व्हायला हवी ती नळी उघडी राहणं म्हणजे पीडीए, आणि थोड्या मुलांना टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो, ज्यात बाळ निळं पडतं. यातली छोटी एएसडी, व्हीएसडी बरेचदा आपोआप बंद होतात, पीडीएही होते, तेव्हा इकोमध्ये काहीतरी निघालं म्हणजे ऑपरेशनच, असं धरून बसू नका. पण कम्प्लीट एव्हीएसडी आपोआप बंद होत नाही.

आणि आवाज का येत नाही? मला हे समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मर्मर म्हणजे रक्त जोरात चिंचोळ्या जागेतून जाताना होणारा आवाज. पाण्याच्या पाइपचं तोंड अंगठ्याने अर्धं दाबलं की कसा सूं आवाज येतो, आणि अंगठा काढला की पाणी गुपचूप वाहतं. हृदयातही तसंच, छोटं भोक असेल आणि एका बाजूला दाब जास्त असेल तर मोठा आवाज, भोक मोठं आणि दोन्हीकडचा दाब सारखा असेल तर आवाजच नाही. म्हणजे खणखणीत मर्मर असलेल्या बाळाचं भोक कधीकधी अगदी किरकोळ असतं आणि गप्प हृदयाच्या बाळाचं मोठं. त्या डॉक्टरांनी माझ्या लेकीला नीट तपासलं नव्हतं असं मी म्हणत नाही, त्यांनी ऐकलं पण ऐकायला काही नव्हतंच.

दाब सारखा का, तर पोटात असताना बाळ फुफ्फुसं वापरत नाही, त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, उजव्या बाजूचा दाबही डाव्या बाजूइतकाच जास्त असतो. जन्मल्यावर त्या हळूहळू सैल होतात, त्याला काही आठवडे जातात. त्या सैल झाल्या की मग डावीकडचं रक्त भोकातून उजवीकडे घुसतं, फुफ्फुसात पूर येतो, आणि महिना-दीड महिन्याच्या बाळाला हार्ट फेल्युअरची लक्षणं दिसायला लागतात. दूध पिताना कपाळावर घाम, दोन घोट प्यायलं की दमून झोपणं, भराभर श्वास, वजन न वाढणं. ही लक्षणं सगळ्या आयांना माहीत असायला हवीत. झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका कारण तान्ह्या बाळांचा श्वास एकसारखा नसतो. सारखे ६० च्या वर जात असतील तर सकाळची वाट बघू नका. एका वेळचं दूध प्यायला अर्ध्या तासाच्या वर लागत असेल तर तेही सांगा, मूडी आहे, आळशी आहे म्हणून सोडून देऊ नका.

पण माझ्या लेकीला यातलं काहीच झालं नाही.

ओपीडीत आमच्यासोबत एक मुलगा असायचा, तिच्यापेक्षा तीन आठवड्यांनी मोठा, त्यालाही डाऊन, त्यालाही कम्प्लीट एव्हीएसडी. तो तिसऱ्या महिन्यात जेमतेम सव्वातीन किलो होता. नाकातून नळी, फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, एनालाप्रिल अशी हार्ट फेल्युअरची औषधं, दर तीन तासांनी मोजून दूध. त्याची आई रात्र रात्र जागायची. माझी लेक त्याच वेळी पाच किलो, गुबगुबीत, हसरी, औषधही नावाला. त्याची आई एकदा म्हणाली, "तुमची किती छान आहे हो, देव पावला तुम्हाला." मलाही तसंच वाटायचं. घरी सासूबाईंचं चालू झालं होतं की एवढी छान वाढतेय तर कशाला त्या एवढ्याशा छातीला हात लावायचा, जरा मोठी होऊ दे, वर्षाची होऊ दे, आणि खरं सांगते, मलाही ते पटत होतं. कुठल्या आईला नाही पटणार?

तेव्हा सर्जननी आम्हाला समोर बसवून जे सांगितलं ते मी कधीच विसरणार नाही. ते म्हणाले, तो मुलगा आजारी दिसतोय कारण त्याच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल झाल्यात, म्हणजे त्या चांगल्या आहेत. तुमची मुलगी छान दिसतेय कारण तिच्या रक्तवाहिन्या सैल झाल्याच नाहीत. दाब अजून जास्तच आहे, म्हणून पूर आला नाही, म्हणून घाम नाही, म्हणून वजन वाढतंय. मला दोघांपैकी हिची काळजी जास्त वाटते. डाऊन असलेल्या बाळांमध्ये हे होतं, त्यांच्या फुफ्फुसाची घडण थोडी वेगळी असते, श्वासाचा मार्ग लहान असतो, झोपेत श्वास अडतो, त्यामुळे फुफ्फुसाचा दाब चढाच राहतो. आणि तो दाब तसाच महिनोन् महिने राहिला तर त्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होत जातात. एका टप्प्यापर्यंत हे मागे फिरतं, त्यानंतर फिरत नाही. त्याला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात, व्हिक्टर आयझेनमेंगर नावाच्या डॉक्टरने १८९७ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. तिथे पोचल्यावर रक्त उलटं वाहायला लागतं, मूल निळं पडतं, आणि मग भोक बंद करणं उलट जीवावर बेततं, कारण तेवढीच एक वाट दाब बाहेर सोडायला उरलेली असते. तेव्हा सर्जन असून उपयोग नसतो.

मग मला आठवलं की रडली की तिच्या ओठांभोवती जरा काळसर व्हायचं. आम्ही समजायचो रडून रडून चेहरा लाल-काळा होतो तसं असेल. ओपीडीत ती रडत असताना ऑक्सिजन बघितला तर ८१, शांत झाली की परत ९२. ती रडली की फुफ्फुसाचा दाब आणखी चढायचा आणि अशुद्ध रक्त भोकातून डावीकडे यायचं. छान दिसणाऱ्या बाळाची एवढी एकच खूण होती आणि मी ती रोज बघत होते.

म्हणून कम्प्लीट एव्हीएसडीचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात. 'वजन वाढू दे, मोठी होऊ दे' हे वाक्य कुठून आलं असेल ते मला कळतं, लोक प्रेमानेच म्हणतात, पण इथे थांबण्याची किंमत बाळ मोजतं. सासूबाईंना मी सर्जनचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या तारीख कधीची देतायत.

अजून एक गोष्ट लिहायलाच हवी. दुसरं मत घ्यायला आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो होतो, त्यांनी रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, "डाऊन आहे ना, मग विचार करा, एवढं सगळं करायचंच का." नवऱ्याने रिपोर्ट उचलले आणि आम्ही बाहेर आलो. पार्किंगमध्ये आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते उभे होतो. हा विचार फार जुना आहे. एकेकाळी या मुलांना हृदयाची ऑपरेशन्स नाकारली जायची, कुठे धोका जास्त म्हणून, कुठे 'काय उपयोग' म्हणून. अमेरिकेत १९८३ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ६० च्या घरात आहे, आणि त्यात हृदयाची ऑपरेशन्स वेळेवर व्हायला लागली याचा मोठा वाटा आहे. आणि धोका जास्त, हेही आता खरं राहिलेलं नाही. एव्हीएसडीच्या ऑपरेशनमध्ये डाऊन असलेली मुलं बाकीच्या मुलांइतकीच चांगली तगतात, त्यांच्या डाव्या व्हॉल्व्हची घडण बरेचदा जास्त चांगली असते त्यामुळे त्या व्हॉल्व्हसाठी पुन्हा ऑपरेशन करायची वेळ उलट कमी येते. तुम्हाला कुणी 'करायचंच का' विचारलं तर हे माहीत असू दे.

हे ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी झालं १९५४ मध्ये, मिनेसोटात, वॉल्टन लिलेहाय या सर्जनने केलं. तेव्हा त्यांच्याकडे हार्ट-लंग मशीन नव्हतं, म्हणून ते मुलाच्या रक्तवाहिन्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या, बरेचदा आईच्या किंवा वडिलांच्या, रक्तवाहिन्यांना नळ्यांनी जोडायचे आणि ऑपरेशन होईपर्यंत त्या माणसाचं हृदय आणि फुफ्फुसं दोघांसाठी काम करायची. हे मी ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाचलं. कुणी मला तसं झोपायला सांगितलं असतं तर मी झोपले असते, तुम्हीही झोपला असता.

आमच्या वेळी मशीन होतं. ती चार महिने आणि सहा दिवसांची होती. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी येऊन बराच वेळ बोलून गेले, डाऊन असलेल्या मुलांची श्वासनलिका लहान असते म्हणून ते वयाच्या मानाने बारीक ट्यूब वापरणार होते, मानेचे मणके सैल असू शकतात म्हणून मान जपून धरणार होते, भूल देताना ठोके कमी होतात त्याचीही तयारी होती. थायरॉइड आधीच तपासलं होतं. तुमच्या भूलतज्ज्ञांना हे सगळं माहीत असेलच, तरी तुम्ही विचारा, विचारण्यात काही वाईट दिसत नाही. आत सर्जननी खालचं भोक एका पॅचने, वरचं दुसऱ्या पॅचने बंद केलं, एक पॅच तिच्याच हृदयाभोवतीच्या आवरणाचा होता, आणि एका व्हॉल्व्हचे दोन केले. साडेपाच तास. हृदयाचे ठोके चालवणारी वायर त्याच जागेजवळून जाते, तिला धक्का लागला तर पेसमेकर लागू शकतो, काही थोड्या मुलांना लागतो, आमच्या बाबतीत तो लागला नाही.

ऑपरेशनपेक्षा दुसरी रात्र कठीण गेली. ट्यूबमधला कफ सक्शनने काढताना तिच्या फुफ्फुसाचा दाब एकदम चढला, ऑक्सिजन खाली, ब्लडप्रेशर खाली, सगळी मशीनं एकदम वाजायला लागली. मी काचेच्या बाहेर होते. त्याला पल्मनरी हायपरटेन्सिव्ह क्रायसिस म्हणतात, आणि सर्जन ज्याला घाबरत होते ते हेच. त्यांची तयारी होती म्हणून निभावलं, शंभर टक्के ऑक्सिजन, गाढ झोपेचं औषध, आणि श्वासातून नायट्रिक ऑक्साइड, तो वायू फुफ्फुसातल्याच रक्तवाहिन्या सैल करतो. मग फुफ्फुसाचा दाब कमी ठेवायला सिल्डेनाफिल हे औषध सुरू केलं, ते पुढे पाच महिने चालू होतं. व्हेंटिलेटरवरून सहाव्या दिवशी निघाली. तो मुलगा, तिच्या आधी दहा दिवस ऑपरेशन झालेला, दुसऱ्याच दिवशी व्हेंटिलेटरवरून निघाला होता. आजारी दिसणारा तो आणि छान दिसणारी ही. सर्जन म्हणाले होते तसंच.

आता डाव्या व्हॉल्व्हला थोडं लीक आहे, वर्षातून एकदा इको असतो. हे आयुष्यभर बघत राहायचं, 'ऑपरेशन झालं, फाईल बंद' असं होत नाही. दात जपतो आम्ही, कारण हिरड्यांमधले जंतू रक्तातून हृदयाला चिकटू शकतात. मागच्या वर्षी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतल्या श्वासाची तपासणी, केली, कारण झोपेत श्वास अडला तर फुफ्फुसाचा दाब पुन्हा चढतो, आणि या मुलांमध्ये ते फार कॉमन आहे, घोरते म्हणून हसून सोडून द्यायची गोष्ट नाही ती. टॉन्सिल काढले, आता शांत झोपते.

आणि त्या बहिणीला एक वेगळं सांगायचंय. मैत्रीण म्हणाली ती सारखी विचारतेय की मी काय चुकीचं केलं. काही नाही. एकविसाव्या क्रोमोसोमची एक जास्तीची प्रत, बहुतेक वेळा बीजांड तयार होतानाच क्रोमोसोमची चुकलेली वाटणी, तुझ्या चालण्याने, झोपण्याने, चिडण्याने, काम करण्याने त्यात काही झालेलं नाही. हृदयाची घडण गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात होते, पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच. मी हे वाक्य दोन वर्षं स्वतःला रोज म्हणत होते, तेव्हा कुठे आत उतरलं.

हे लिहीत असतानाच मैत्रिणीचा मेसेज आला. लहान मुलांच्या कार्डिओलॉजिस्टची परवा सकाळची वेळ मिळालीय. बाळाच्या वडिलांना रजा मिळत नाहीये, तर मी येईन म्हटलं सोबत. इको करताना बाळ शांत हवं असतं, म्हणून त्याआधी पोटभर पाजून घे असं तिला कळवलंय, आणि आमची जुनी फाईलही काढून ठेवलीय, तिला बघायची असली तर.